चिकूचे थेंब : कुत्र्यांच्या सीबीडीबद्दलच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

दुकानात आज पुन्हा तोच प्रश्न आला. "मॅडम, कुत्र्यासाठी ते सीबीडीचं तेल ठेवता का?" महिन्याभरातले हे पाचवे गृहस्थ. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, भांगेच्या झाडात मिळणारं, नशा न आणणारं एक द्रव्य. वीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे, पण या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही, आणि ते मला बोचतं. "नाही ठेवत" म्हटलं की माणूस घरी जाऊन मोबाइलवर जे पहिलं दिसेल ते मागवतो. कधी कधी त्याहून वाईट घडतं. आपल्यासाठी आणलेली ब्रुफेन अर्धी करून कुत्र्याला देतात. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडन्या जातात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

घरी चिकू आहे. अकरा वर्षांची लॅब्रॅडॉर, ३१ किलो, दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं मेलोक्सिकॅम, दुखण्याचं औषध, रोज चालू आहे. तरी सकाळी उठताना तिचे मागचे पाय फरशीवर दोनदा घसरतात. मग ती माझ्याकडे बघते आणि तिसऱ्यांदा उठते.

आज दोन कामं ठरवली. एक, दुकानात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवायला चार पानांचं मराठी माहितीपत्रक. दोन, डॉक्टरांची संमती मिळाली तर चिकूला हे औषध मोजूनमापून देऊन बघायचं आणि रोज लिहून ठेवायचं. ही वही त्यासाठी.

८ नोव्हेंबर

पहिल्याच ओळीला अडले. सीबीडी ज्या झाडातून काढतात त्या हेम्पला मराठीत काय म्हणायचं?

शब्दकोशात बघितलं तर कुठे "ताग" दिसतं, कुठे "अंबाडी". दोन्ही घोटाळ्याचे. ताग म्हणजे शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो, शेंगांच्या कुळातला. अंबाडी म्हणजे भाकरीबरोबर खायच्या आंबट भाजीची, जास्वंदीच्या कुळातली. तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पानं गांजाच्या पानांसारखी दिसतात म्हणून ते नाव पडलं, बाकी नातं काही नाही. वाख तिन्हींपासून निघतो, म्हणून इंग्रजांनी सगळ्यांनाच हेम्प म्हटलं आणि तो गोंधळ आपल्या कोशांत येऊन बसला.

आपण बोलतोय ते झाड म्हणजे भांगेचं, गांजाचं. कॅनाबिस सटायव्हा. एकाच झाडाच्या पानांची भांग, शेंड्यांच्या फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. ज्या वाणांत नशा आणणारं टीएचसी अगदी कमी असतं त्यांना हेम्प म्हणायचं, ही कायद्यासाठी आखलेली रेघ आहे. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात ती सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांवर आखली.

पत्रकात मी सरळ "भांगेच्या झाडाचा कमी नशेचा वाण" असं लिहिणार आहे. लोक दचकतील. दचकू देत, निदान कुत्र्याला काय पाजतोय ते कळेल.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी सातपासून चिकू न्हाणीघरात, बादलीमागे. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून, पंखा आणि रेडिओ दोन्ही मोठ्याने लावलेले. शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, ते सीबीडी फटाक्यांसाठी चालतं ना?"

त्यांना तेव्हा सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्यांना सीबीडी असलेला खाऊ देऊन फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवली. सीबीडीने भीती कमी झाल्याचं दिसलं नाही. ट्रॅझोडोन नावाचं जुनं औषध दिलेल्या कुत्र्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे रक्तातलं ताणाचं संप्रेरक, मात्र उतरलं होतं. २०२३ मध्ये एक वेगळा अभ्यास आला. त्यात किलोमागे ४ मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन कुत्र्यांना एकटं ठेवलं किंवा गाडीतून फिरवलं, तेव्हा ताणाच्या काही खुणा कमी दिसल्या, सगळ्या नाही. दिवाळीसाठी डॉक्टरांकडून आधी चिठ्ठी घेऊन ठेवणं हाच आजही भरवशाचा उपाय आहे. दिवाळीच्या आधी, पहिल्या फटाक्यानंतर नाही.

साडेअकराला चिकू बाहेर आली. फरशीवर घसरली.

१८ नोव्हेंबर

सुट्टी घेऊन बाटल्या तपासायला बसले. ओळखीच्यांकडून सात गोळा केल्या, सगळ्या कुत्र्यांसाठी म्हणून आणलेल्या.

दोन बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत "हेम्प ऑइल" आणि झाडाचं पान. मागचं बारीक वाचलं तर आत बियांचं तेल. बियांमध्ये सीबीडी जवळजवळ नसतंच. ते तयार होतं फुलांवरच्या आणि पानांवरच्या चिकट ग्रंथींत. बियांचं तेल वाईट नाही, त्यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. पण त्यातलं ओमेगा-३ जवसातल्या जातीचं. कुत्र्याच्या शरीरात त्याचं माशाच्या तेलातल्या ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर फारच थोडं होतं. म्हणजे सांध्यासाठी सीबीडीही नाही आणि धड माशाचं तेलही नाही. त्यांतल्या एका बाटलीच्या मालकीणबाई आठ महिने देत होत्या. त्यांना फोन करून सांगताना मलाच वाईट वाटलं.

एका बाटलीवर टीएचसी आणि सीबीडी सारख्याच प्रमाणात. माणसाला ते डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर असो, कुत्र्याच्या तोंडाशी ते नेऊच नये. का, ते उद्या लिहीन.

एक बाटली माणसांच्या चघळायच्या गोळ्यांची, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. ही गोळी कुत्र्याला मारते ती सीबीडीमुळे नाही, गोडीमुळे.

उरलेल्या तिघांपैकी एकाच बाटलीच्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला. सीबीडी किती, टीएचसी किती, शिसं आणि इतर जड धातू किती, सगळं त्यात होतं. अमेरिकेत २०२० मध्ये कुत्र्या-मांजरांसाठी विकल्या जाणाऱ्या २९ उत्पादनांची अशी तपासणी झाली, तेव्हा दोनांत सीबीडी-टीएचसीच्या जातीचं एकही द्रव्य सापडलं नाही आणि चारांत जड धातू निघाले. तिथे ही गत, तर इथे अहवाल मागितल्याशिवाय बाटली घ्यायची नाही. पत्रकात हे वाक्य ठळक छापायचं.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या व्याख्येत चरस आणि फुलोरा येतो, शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया येत नाहीत. त्यामुळे पानांच्या अर्काची औषधं आयुर्वेदिक परवान्यावर बनतात. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, म्हणून लेबलावर तेच नाव दिसतं. बिया आणि बियांचं तेल २०२१ पासून अन्न म्हणून मान्य आहे. या दोन रांगा वेगळ्या आहेत हे ज्याला कळलं त्याची निम्मी फसवणूक टळली.

१९ नोव्हेंबर

आजचा विषय माझ्या आवडीचा, म्हणून नोंद लांबणार.

मज्जासंस्थेच्या पेशी एकमेकींशी बोलतात ते एकाच दिशेने. पहिली पेशी रसायन सोडते, दुसरी ते झेलते. दुखण्याची बातमी अशीच सांध्यापासून मेंदूपर्यंत जाते. पण झेलणाऱ्या पेशीलाही उलट सांगायची सोय असते. बातमीचा मारा फार झाला की ती चरबीपासून तिथल्या तिथे एक छोटं द्रव्य बनवते. ते मागे जाऊन पहिल्या पेशीच्या दारावर बसतं आणि तिला म्हणतं, पुरे, हळू. ते दार म्हणजे सीबी-१. दुसरं तसंच दार, सीबी-२, जास्त करून रोगप्रतिकारक पेशींवर असतं. १९९२ मध्ये जेरुसलेमला राफाएल मेशुलाम यांच्या गटाने या द्रव्यांतलं पहिलं शोधलं आणि त्याला नाव दिलं अनंदामाइड. आपल्या "आनंद" शब्दावरून. कॉलेजात हे कोणी सांगितलं असतं तर तो धडा मला कधीच विसरता आला नसता.

ही व्यवस्था कुत्र्यात आहे, मांजरात आहे, गाईत आहे. भांगेचं झाड तिच्यासाठी उगवलेलं नाही. त्याची द्रव्यं त्या दारांत बसतात हा योगायोग.

टीएचसी थेट सीबी-१ मध्ये बसतं, म्हणून नशा. आणि कुत्र्याच्या लहान मेंदूत, जिथून तोल सांभाळला जातो तिथे, सीबी-१ ची फार दाटी असते. म्हणून माणूस हसत बसतो तेवढ्यावर कुत्रा उभ्या उभ्या डुलतो. १८९९ मध्येच इंग्लंडमध्ये डिक्सन नावाच्या औषधशास्त्रज्ञाने कुत्र्यांचं हे डुलणं नोंदवलं होतं.

सीबीडीचं तसं नाही. ते सीबी-१ मध्ये नीट बसतच नाही, म्हणून नशा नाही. त्याचं काम अनेक लहान दारांवर चालतं. एक टीआरपीव्ही-१, तेच जे मिरचीने पेटतं. एक सिरोटोनिनचं, ५-एचटी-१ए. शिवाय दाह वाढवणाऱ्या काही निरोपांवर त्याचा दाब पडतो. दुखणं बंद करणारं एखादं बटण इथे नाही. म्हणूनच ते मेलोक्सिकॅमइतकं लवकर कळत नाही, आणि म्हणूनच "गुण आला की नाही" हे ठरवायला इतकं अवघड आहे.

२५ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे दोन तास. दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी स्वतः चहा केला आणि आम्ही अभ्यास एकेक करून वाचले.

कॉर्नेल विद्यापीठ, २०१८. सांधे झिजलेले १६ कुत्रे, किलोमागे २ मिलिग्रॅम सीबीडी दिवसातून दोनदा, चार आठवडे. मग दोन आठवडे मोकळे, मग त्याच कुत्र्यांना साधं तेल, किंवा उलट क्रमाने. कोणाला काय चाललंय हे मालकालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. दुखणं कमी झालं, हालचाल वाढली. रक्तात एएलपी, म्हणजे यकृताची तब्येत बघायला मोजतात ते एन्झाइम, मात्र वाढलं.

टेक्सासमधलं बेलर, २०२०. २० कुत्रे. रोज ५० मिलिग्रॅमवर गुण, २० मिलिग्रॅम साध्या तेलातून दिल्यावर नाही, पण तेवढंच चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून दिल्यावर गुण.

कोलोरॅडो, २०२१. २३ कुत्रे, किलोमागे अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे. चाल यंत्रावर मोजली. साध्या तेलात आणि सीबीडीत फरक नाही.

डॉक्टर म्हणाले, "हा तिसरा अभ्यास जाहिरातींत तुम्हाला दिसणार नाही, पण पत्रकात तो आलाच पाहिजे." आलाच पाहिजे.

फिट येणाऱ्या कुत्र्यांबद्दलही विचारलं. कोलोरॅडोतच २६ कुत्र्यांवर अभ्यास सुरू झाला, चालू औषधांबरोबर सीबीडी किंवा साधं तेल देऊन; तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीडीच्या गटात फिट मध्यकाने, म्हणजे मधल्या आकड्याने, ३३ टक्क्यांनी कमी झाल्या. पण फिट निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेल्या कुत्र्यांची संख्या दोन्ही गटांत सारखीच होती. माणसांतल्या काही दुर्मिळ फिटसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं आहे, जनावरांसाठी एकही नाही. फेनोबार्बिटोन हे फिटचं औषध चालू असलेल्या कुत्र्याचं ते थांबवून सीबीडी सुरू करणं म्हणजे जिवाशी खेळ, हे डॉक्टरांचं वाक्य मी तसंच्या तसं छापणार आहे.

चिकूला द्यायला त्यांची हरकत नाही. अटी तीन: मेलोक्सिकॅम आहे तसंच चालू, आधी आणि नंतर रक्त, आणि बाटली अहवालवाली. चिठ्ठी त्यांनी लिहून दिली.

२६ नोव्हेंबर

हिशोब. ३० मिलीच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत ५०. चिकू ३० किलो धरली तर २ मिलिग्रॅमने एका वेळचे ६० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिली. दिवसाला २.४ मिली. बाटली साडेबारा दिवसांत संपते. चार आठवड्यांना तीन बाटल्या.

आणि लेबलावर काय लिहिलंय? "मोठ्या कुत्र्याला ५ थेंब." मिलीचे वीस थेंब धरले तर पाव मिली, साडेबारा मिलिग्रॅम. किलोमागे ०.४. अभ्यासात दिलेल्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच. इतक्यावर गुण आला असं कोणी सांगितलं तर तो कशाचा, हा प्रश्न मला पडतो. आणि "आम्ही दिलं, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनीही बहुधा एवढंच दिलेलं असतं.

रिकाम्या पोटी दिलं तर आणखी वाया. १९८८ मध्ये जेरुसलेमला सहा कुत्र्यांना तोंडावाटे सीबीडी देऊन पाहिलं, तर तिघांच्या रक्तात ते सापडलंच नाही आणि उरलेल्यांत जेमतेम १३ ते १९ टक्के पोचलं. हे द्रव्य तेलात विरघळणारं, यकृत त्याला पहिल्याच फेरीत पकडतं. चरबीच्या खाण्याबरोबर दिलं की जास्त शोषलं जातं. चिकूला उकडलेल्या अंड्यात देणार.

३ डिसेंबर

योजना ठरली. वहिनी खाली तळमजल्यावर राहतात. तेल त्याच देणार, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, अंड्यात कालवून, त्यांच्या घरी. चार आठवडे एक बाटली, दोन आठवडे काही नाही, चार आठवडे दुसरी. एकीत सीबीडी, दुसरीत ते ज्यात विरघळवतात तेच नारळापासूनचं रिकामं तेल. पहिली कोणती हे वहिनींनी नाणं उडवून ठरवलं, चिठ्ठी पाकिटात घातली आणि पाकीट देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवलं.

"ताई, तुम्ही वाटीजवळ यायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचं नाक औषधाच्या दुकानातलं. लगेच ओळखाल."

"नाही येत. तिच्या तोंडाचा वासही घेणार नाही."

एवढा खटाटोप का, तर २०१२ मध्ये लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास डॉक्टरांनी दाखवला. ज्यांना नुसतं खोटं औषध दिलं होतं त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांचे मालक "सुधारला" म्हणत होते, डॉक्टरही म्हणत होते, आणि पाय जमिनीवर किती भार टाकतोय ते मोजणारी पट्टी सांगत होती की काहीही बदललेलं नाही. प्रेमाने बघणारी नजर चुकते. माझी तर नक्कीच चुकेल.

मोजायचं दोन प्रकारे. दर रविवारी पेनसिल्वेनिया विद्यापीठात तयार झालेली दुखण्याची प्रश्नावली, मी मराठीत उतरवलेली. दुखण्याचे चार प्रश्न आणि दुखणं आड येतं का याचे सहा, प्रत्येकाला ० ते १० गुण, मग दोन्हींची वेगवेगळी सरासरी. शिवाय जिन्याच्या चौदा पायऱ्या, मोबाइलवर चित्रण करून सेकंद मोजायचे.

आजचे सुरुवातीचे आकडे: दुखणं ४.८, अडथळा ५.५, जिना २१ सेकंद. एएलपी ११२, प्रयोगशाळेची वरची हद्द २१२.

१० डिसेंबर

चूक केली. हॉलभर रबरी पाठीच्या चटया अंथरल्या. थंडी वाढली, चिकू घसरताना बघवेना. आता गुण आला तर तो तेलाचा की चटयांचा? वहिनी म्हणाल्या, "काढून टाका मग." नाही काढणार. प्रयोगासाठी तिला घसरू देणार नाही. नोंद मात्र केली, आणि आता शेवटपर्यंत त्या तिथेच राहतील.

२१ डिसेंबर

चिकू आज दारात शेपटी हलवत उभी होती! मला खात्री वाटते, पहिल्या बाटलीत सीबीडीच आहे. खात्री वाटते म्हणून लिहून ठेवते.

३१ डिसेंबर

पहिला टप्पा संपला. दुखणं ४.०, अडथळा ४.६, जिना २० सेकंद. एएलपी ११८.

१४ जानेवारी २०२४, भोगी

दोन आठवडे तेल बंद. दुखणं ४.४, अडथळा ५.१, जिना २१. चटया तशाच आहेत, तरी आकडे थोडे मागे आले. वजन ३० किलो. वजनही एक कलमच आहे. जाड, लंगड्या कुत्र्यांवरच्या २०१० च्या अभ्यासात वजन सुमारे ६ टक्क्यांनी उतरल्यावर लंगडणं स्पष्ट कमी झालं होतं. ३१ चे ३० म्हणजे तीन टक्के. अर्ध्या वाटेवर आहोत. पत्रकात हे पहिल्या पानावर घ्यायचं, सीबीडीच्याही आधी. याला पैसे पडत नाहीत.

१५ जानेवारी, संक्रांत

दुसरी बाटली सुरू. वहिनींनी अंडं दिलं, मला तिळगूळ.

२० जानेवारी

दोन दिवस पातळ शी. दुपारी नेहमीपेक्षा जास्त झोपते. डॉक्टरांना फोन केला, म्हणाले लक्ष ठेवा, पाणी पितेय ना, जेवतेय ना. दोन्ही ठीक.

अंदाज बांधायचा मोह होतो आहे. २१ डिसेंबरची नोंद उघडून वाचली आणि गप्प बसले.

२८ जानेवारी

शी पूर्ववत. आज तिने सोफ्यावर पुढचे दोन पाय ठेवले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मे महिन्यापासून तिने हे केलं नव्हतं. याला प्रश्नावलीत जागा नाही, म्हणून इथे लिहिते.

१२ फेब्रुवारी

काल दुसरा टप्पा संपला. दुखणं ३.१, अडथळा ३.४, जिना १६ सेकंद. वजन २९.६.

आज रक्ताचा अहवाल. एएलपी २८७. एएलटी, यकृताचंच दुसरं एन्झाइम, हद्दीत, बाकी सगळं हद्दीत.

पाकीट उघडायच्या आधीच कळलं. हा आकडा मला सांगून गेला.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी वहिनींनी पाकीट आणून दिलं. पहिली बाटली रिकाम्या तेलाची. दुसरी सीबीडी.

म्हणजे २१ डिसेंबरला मी नारळाच्या तेलावर खात्री बाळगून होते.

आता आकडे नीट बघायचे. या प्रश्नावलीवर गुण आला म्हणायला दुखणं निदान १ ने आणि अडथळा निदान २ ने उतरावा लागतो. ३ डिसेंबरपासून मोजलं तर दुखणं १.७ ने, अडथळा २.१ ने उतरला. म्हणजे उत्तीर्ण. १४ जानेवारीपासून मोजलं तर १.३ आणि १.७. म्हणजे नापास, थोडक्यात. मला दुसरी मोजणी जास्त प्रामाणिक वाटते, कारण चटया, उतरलेलं वजन आणि माझी आशा हे सगळं तोवर आत आलेलं होतं. पण जिन्याचे २१ चे १६ सेकंद झाले, ते चित्रणात आहेत आणि चित्रणाला आशा नसते. डॉक्टरांनी दोन्ही चित्रणं कोणती कधीची ते न सांगता मागवली आणि बघून एकाकडे बोट दाखवत म्हणाले, "हिचा मागचा डावा पाय जास्त टेकतोय." ते चित्रण दुसऱ्या टप्प्यातलं होतं.

माझं मत असं झालं आहे: चिकूला थोडा, खरा फायदा आहे. एका कुत्रीवरून दुसऱ्या कुत्र्याबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि दुकानात मी कोणालाही "चिकूला गुण आला" असं सांगणार नाही. सांगितलं की लोक तेवढंच ऐकतात.

एएलपीबद्दल. कुत्र्यांत सीबीडीने हे एन्झाइम वाढतं, अभ्यासांतूनही तेच दिसलं. नुसतं ते वाढणं म्हणजे यकृत बिघडलंच असं नाही. पण अकरा वर्षांच्या कुत्रीत, मेलोक्सिकॅमही चालू असताना, ते सोडून देता येत नाही. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला, किलोमागे १ मिलिग्रॅम दोनदा. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त.

९ मार्च

काल महाशिवरात्र. रात्री साडेदहाला समोरच्या इमारतीतून बोलावणं आलं. त्यांच्या बीगलला "अर्धांगवायूचा झटका" आला होता. बघितलं तर तो उभा होता, पण वाऱ्यावर डुलल्यासारखा डुलत. हात जवळ नेला की दचकायचा. बाहुल्या मोठ्या. उभ्या उभ्या थेंब थेंब लघवी गळत होती. मी घरच्यांना विचारलं, "थंडाई प्यायला का?" सगळे गप्प. चौथ्यांदा विचारल्यावर मुलाने सांगितलं, पातेलं खाली राहिलं होतं, भांग घातलेलं.

लाजेपायी तासभर गेला होता. डॉक्टरांना हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर ते विषबाधेपासून मेंदूच्या आजारापर्यंत सगळं शोधत बसतात. याला उतारा असा नाही. ऊब, सलाईन, शांत अंधारी खोली आणि नजर. डुलणाऱ्या कुत्र्याला घरी उलटी काढायला लावू नये, ती श्वासनळीत जाते. बीगल रात्रभर दवाखान्यात होता, आज दुपारी घरी आला, अजून झोपाळू आहे. पूर्ण उतरायला एक ते तीन दिवस लागतात.

पत्रकाचं शेवटचं पान पुन्हा लिहायला घेतलं. तिथे कंपनीची नावं आणि वेबसाइट द्याव्यात असा एकाचा आग्रह होता. ते काढलं, भांगेची लक्षणं घातली. होळी पंधरा दिवसांवर आहे, आणि हे पान होळीच्या आत दवाखान्यात लागलं पाहिजे.

११ मार्च

एएलपी १९६. हद्दीत आलं. दुखणं ३.५, जिना १७ सेकंद. डॉक्टर म्हणाले निम्मा डोस चालू ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. बाटली आता पंचवीस दिवस पुरते, तेही माझ्या खिशाला बरं.

१७ मार्च

पत्रक छापून आलं. चार पानं, दोनशे प्रती. पहिलं पान: वजन, चटया, डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध. दुसरं: बियांचं तेल आणि सीबीडी कसं ओळखायचं, बॅचचा अहवाल कसा वाचायचा, टीएचसी आणि झायलिटॉल कुठे लिहिलेलं असतं. तिसरं: मिलिग्रॅमवरून मिलीचा हिशोब, कोऱ्या रकान्यासकट, म्हणजे प्रत्येकाने आपल्या कुत्र्याचं वजन घालून करावा आणि डॉक्टरांना दाखवावा. कोलोरॅडोचा अभ्यास कॉर्नेलच्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरात. चौथं: भांग.

शंभर प्रती दवाखान्यात दिल्या. पन्नास टेकडीवर सकाळी कुत्री घेऊन येणाऱ्यांना वाटायच्या आहेत, बाकी दुकानात. संध्याकाळी सात वाजता चिकू स्वतःच जिना उतरून वहिनींच्या दारात जाऊन बसली. अंड्याची वेळ तिला पाठ झाली आहे.

पुढचं रक्त: १० जून.